मंत्रिमहोदय, चरायचं गवत वेगळं, कापायचं वेगळं

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

उन्हाळ्यात तुमच्या खात्याने आम्हाला कोरडवाहू कुरणासाठी अंजन आणि मारवेल या चराऊ गवतांचं बी कबूल केलं. पाऊस सुरू झाल्यावर हातात दिले संकरित नेपियरचे ठोंब. "गवतच आहे, लावून टाका." लावले. परवा शेवटचा ठोंब उपटला, तर बुडाचा नुसता भुसा झालेला.

नेपियर वाईट नाही. पाणी आणि शेणखत असेल तर दोन-अडीच महिन्यांत पहिली कापणी मिळते, पुढे दर दीड महिन्याला. पण ते कापून घालायचं गवत आहे. वीतभर बुडखा राखला तर जोमाने फुटतं. गुरं आत सोडली की कोंब तुडवले जातात. अंजन आणि मारवेल खुरांखाली दबूनही बुडातून परत उठतात. ओल धरणाऱ्या भारी रानात मारवेल, हलक्या मुरमाडात अंजन, जोडीला स्टायलो हा शेंगवर्गीय चारा पेरला की गुरांच्या पोटात प्रथिनंही जातात. गुरं राखणाऱ्या पोरालाही हे कळतं. झाशीला 1962 पासून गवत आणि चाऱ्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथलं शहाणपण तुमच्या खरेदीच्या यादीपर्यंत का येत नाही?

कुरण उभं राहिलं नाही, म्हणून गाय कुसळीवर चरली. हिरडीत कुसळं रुतली, तोंड सुजलं, चार दिवस तिने घास घेतला नाही. मी तिचा जबडा धरून बसलो आणि बायकोने चिमट्याने एकेक कुसळ काढलं. शेवटी गाय विकली. तुमच्या अहवालात मात्र मी लाभार्थी आहे!

आमच्या शिवारात शंभरातले नव्वद ठोंब तरी वाळले असतील. मोजायला कोण आलं? वाटलं किती याचा रकाना असतो, जगलं किती याचा नसतो. झाडांचंही तेच, शेततळ्यांचंही तेच. फोटो निघाला की काम संपलं.

मला भरपाई नको. रान पाहून, पाणी विचारून, चरायचं की कापायचं हे ठरवून मगच बी द्या. आणि अंजनाचं ताजं बी नीट उगवत नाही, काही महिने मुरावं लागतं. पुढच्या पावसात पेरायचं असेल तर ते आत्ताच गोळा करायला लावा.

आपला,
एक पशुपालक