कोंबडा का आरवतो

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू निकालच लावून टाकलास: "पोरगा दिवसभर मारामाऱ्या करतो, पोरगी बाहुल्या सांभाळते. हार्मोन्स आहेत रे, आपण काय करणार?" मला तेव्हा काही सुचलं नाही. (मला उत्तरं फोन ठेवल्यावरच सुचतात, हे तुला ठाऊक आहे.)

तुझं निम्मं खरं आहे. १८४९ साली जर्मनीत आर्नोल्ड बर्थोल्ड या शास्त्रज्ञाने कोवळ्या कोंबड्यांची वृषणं काढली. आरवणं नाही, झुंजणं नाही, तुरासुद्धा वाढेना. काहींच्या पोटात मात्र त्याने एकेक वृषण परत ठेवलं, तेही भलत्याच जागी, आणि ते अगदी रीतसर कोंबडे झाले! चिरून पाहिलं तर तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या, जुन्या नसांशी जोड मात्र नाही. म्हणजे जे काही जात होतं ते रक्तातून. त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळायला १९३५ उजाडलं.

माणसांतही, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथींच्या जन्मजात दोषामुळे गर्भातच जास्त अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनच्या जातीचे हार्मोन) मिळालेल्या मुली सरासरीने खेळण्यातल्या गाड्यांकडे जास्त वळतात. सरासरीने, हं. तुझ्या पोरीबद्दल त्यातून काही कळत नाही.

पण उंदरांचं ऐक. सेलिया मूर या संशोधिकेला दिसलं की उंदरीण नर पिल्लांना जास्त चाटते, कारण त्यांच्या मूत्राचा वास वेगळा असतो. तिचं नाक बधिर केलं की चाटणं कमी होतं, आणि ती पिल्लं मोठेपणी समागमात मागे पडतात. आता हे हार्मोनचं म्हणायचं की आईचं? मला तर धागा सुटा करता येत नाही.

आणि बाण उलटाही जातो, वागण्याकडून हार्मोनकडे. फिलिपिन्समधल्या सेबूत ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन २००५ मध्ये मोजलं, पुन्हा २००९ मध्ये. मधल्या काळात जे बाप झाले त्यांचं चांगलंच उतरलं होतं; आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलांचं करत होते, त्यांचं इतर बापांपेक्षाही कमी.

पोरगा तान्हा असताना रात्र रात्र त्याला खांद्यावर टाकून फेऱ्या कोण मारायचं? तेव्हा तुझं रक्त तपासायला हवं होतं.

तुझाच,
फोनवर गप्प बसलेला