रमाबाईंची साले तरी बरोबर छापा

संपादक महोदय,

पंडिता रमाबाईंविषयी लिहिताना ‘शारदा सदन केडगावला सुरू झाले’ असे सर्रास ठोकून दिले जाते. विधवांना शिकवण्यासाठीचे हे सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत निघाले, १८९० मध्ये पुण्यात आले. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे मुक्तिसदन, म्हणजे निराधार बायका-मुलींचे आश्रयस्थान, त्यानंतरच्या दुष्काळ-प्लेगच्या काळातले. सोलापूर-पुणे गाड्या याच केडगाववरून धडधडत जातात, उतरतो कोण? तिथल्या छापखान्यात बायका-मुली शिशाचे खिळे जुळवत. देवनागरीत मात्रा, रफार, जोडाक्षरे यांचे खिळे निराळे. एक चुकला की ओळ पुन्हा बांधायची. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल तिथलेच. त्या ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. पुण्यतिथीला शाळांनी फळ्यावर निदान ही साले तरी नीट लिहावीत.

– एक वाचक, सोलापूर