बाळू, तू कमिटीवर आलास म्हणून

न्यू जर्सी,
रविवार

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या खात्यातल्या पोरांनी तुला युनियनच्या कमिटीवर निवडलं हे कळल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली म्हणे. मलाही फार अभिमान वाटला. पण फोनवर तू जे विचारलंस ते घाईत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

गणपतीला गावी गेलेला तुमचा ऑपरेटर रजा संपल्यावरही आला नाही, म्हणून कंपनीने त्याला चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र दिलं. माणूस दुसऱ्या गटातला, निवडणुकीत तुझ्याविरुद्ध फिरलेला. "ताई, ह्याच्यासाठी मी कशाला भांडू?" असं तू विचारलंस.

बाळू, सगळ्यात आधी त्याच्यासाठीच भांड. ज्याच्या पाठीशी कोणी उभं राहणार नाही, त्यालाच आधी धरतात. त्याला नीट चौकशी न करता घालवलं की पायंडा पडतो, आणि तो पुढे तुझ्या गटातल्यांनाही लागतो. मी इथे हॉस्पिटलात आमच्या मजल्याची स्टुअर्ड आहे, म्हणजे तुझंच काम करते. इथल्या कायद्याने युनियनला सगळ्यांची बाजू सारखीच घ्यावी लागते, वर्गणी न भरणाऱ्याचीसुद्धा. आकसाने एखाद्याला वाऱ्यावर सोडलं, तर तो युनियनविरुद्धच तक्रार करू शकतो. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

आता त्याला एकट्याला गाठ. लोट्याच्या नाक्यावर टपरीवर नको, घरी जा. एक वही घे आणि त्याला बोलू दे, मध्ये तोडू नकोस. रजेचा अर्ज लेखी दिला होता का? सही कोणाची? सुपरवायझर तोंडी "जा रे" म्हणाला असेल, तर ऐकायला कोण होतं? उशीर का झाला, आजारपण होतं का, डॉक्टरचा कागद आहे का? घरी कळवलं तसं कंपनीला कळवलं होतं का, फोनमध्ये मेसेज आहे का? तारखा त्याच्यासमोरच लिही. त्याच्या विरुद्ध जाणारं जे असेल तेही काढून घे. ते तुला पहिल्यांदा चौकशीच्या टेबलावर कळता कामा नये.

मग मागच्या वर्षांचं मस्टर, म्हणजे हजेरीपट माग. कोकणात गणपतीला उशिरा परतणारे थोडे नसतात. त्यांना तोंडी समज देऊन सोडलं आणि ह्यालाच चार्जशीट, असं निघालं तर तुझी बाजू तिथेच भक्कम झाली. आमच्याकडेही शिक्षेच्या प्रकरणात पहिला प्रश्न हाच असतो: नियम माहीत होता का, आणि सगळ्यांना सारखाच लावला का?

इथे १९७५ साली सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. टेक्सासमधल्या एका दुकानात काउंटरवरच्या बाईवर चिकनच्या डब्याचे पैसे कमी भरल्याचा संशय घेतला. ती युनियनचा माणूस बोलवा म्हणत राहिली, तरी तिला एकटीलाच प्रश्न विचारत बसले. तेव्हापासून, जिथून शिक्षा होईल अशी भीती वाजवी आहे त्या चौकशीत युनियनचा माणूस मागता येतो. पण मागायचं कामगारानेच, मालक आपणहून सांगत नाही. म्हणून नवीन मुलगी कामावर आली की मी तिला हे आधी पाठ करायला लावते.

तुमच्याकडेही अशी सोय आहे. आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, युनियनला मान्यता नसली तरी आपल्या सभासदातर्फे खात्यांतर्गत, म्हणजे कंपनीच्या आतल्या, चौकशीत हजर राहता येतं असं लिहिलंय. चार्जशीटचं उत्तर मुदतीतच दे आणि पोचपावती घे. त्याला निलंबित केलं, तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो, आणि पुढची दिरंगाई त्याच्यामुळे नसेल तर पाऊण. हे त्याच्या बायकोलाही सांग, घर तीच चालवते.

चौकशीला बसशील तेव्हा तू ऑपरेटर नाहीस, कामगारांचा प्रतिनिधी आहेस. आवाज चढवू नकोस, पण साहेबासमोर मान खाली घालूनही बसू नकोस. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला लाव. आणि त्याला खोटं बोलायला कधीही शिकवू नकोस. एकदा तुझा शब्द खोटा ठरला की पुढच्या माणसाचं खरंही कोणी ऐकत नाही. केस कमकुवत असेल तर तेही त्याला सरळ सांग, आणि निदान शिक्षा कमी करून घे.

बाबा गिरणीच्या गोष्टी सांगायचे ते आठवतं ना? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, लाखो कामगार बाहेर पडले, आणि तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. बाबा खेडला परत आले ते कायमचेच. पण सभांपेक्षा ते जास्त सांगायचे त्यांच्या साच्याच्या, म्हणजे मागाच्या खात्यातल्या एका प्रतिनिधीबद्दल. कोणाचीही चिठ्ठी हातात घेऊन तो मॅनेजरच्या केबिनचं दार वाजवायचा, माणूस घाटावरचा की कोकणातला हे त्याने कधी पाहिलं नाही. एवढ्या वर्षांनीही बाबा त्याचं नाव आदराने घ्यायचे.

चार्जशीटचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठव, त्याला विचारूनच. उत्तराची तारीख कोणती हे आधी कळव. कच्चा मसुदा तू लिही, मी रात्रपाळीवरून आले की वाचते. आईच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, चिपळूणला गेलास की आण.

तुझी,
ताई