राउटर जोडशील तेव्हा

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

नवा राउटर आलाय आणि शनिवारी तो तू स्वतःच जोडणार, हे काल फोनवर ऐकून बरं वाटलं. पण एक गोष्ट बोलायची राहिली, म्हणून हे लिहितेय.

गेल्या वर्षी आपल्या राउटरचं काय झालं, ते तुझ्या परीक्षेमुळे तुला सांगितलं नव्हतं. कुठलीही साइट उघडली की जाहिराती यायच्या. एकदा बँकेचं पान उघडलं तर ब्राउझरने सर्टिफिकेट, म्हणजे साइटच्या खरेपणाचा दाखला, चुकीचं असल्याची सूचना दिली. मी तिथेच हात आखडता घेतला. मोबाइल डेटावर तेच पान नीट उघडलं, म्हणजे खोट फोनमध्ये नव्हती. राउटरच्या पानावर जाऊन बघितलं तर डीएनएसच्या रकान्यात भलताच आकडा बसलेला. साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता काढून देतो तो डीएनएस. तोच बदलला की बँकेचं नाव टाकूनही माणूस दुसऱ्याच्याच दारात जातो. आणि राउटरच्या पानावर शिरायला लागलं काय? नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. जोडायला आलेल्या मुलाने वायफायचा पासवर्ड नवा दिला, हा मात्र तसाच ठेवला. मलाही तेव्हा दोन्ही एकच वाटायचे.

हे फक्त आपल्याच घरी घडलं असं नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, कारखान्यातून आलेले असेच साठेक पासवर्ड टाकून बघत जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत काही तास बंद पाडल्या.

म्हणून आधी लॅपटॉप वायरनेच राउटरला जोड. फायबरच्या डब्यातून येणारी वायर ‘वॅन’ (बाहेरचं नेट) लिहिलेल्या भोकात, लॅपटॉपची ‘लॅन’मध्ये (घरातली उपकरणं). मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीत राउटरचा पत्ता टाक: १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, जो तुझ्या राउटरखालच्या लेबलवर असेल तो. आकडे इंग्रजीत टाक. पट्टीत ‘सुरक्षित नाही’ असं दिसेल, घाबरू नकोस; ते पान समोरच्या राउटरमधूनच येतंय, बाहेरून नाही. फायबरच्या डब्याचा पत्ताही तोच निघाला तर दोघांची टक्कर होते आणि नेट येत नाही. मग राउटरचा १९२.१६८.५.१ करून टाक. केबलवाल्याने पीपीपीओईचं, म्हणजे त्याच्या नेटवर लॉगिन करायचं, नाव आणि पासवर्ड दिला असेल तर तो जसाच्या तसा भर, लहानमोठी अक्षरं बघून.

नेट सुरू झालं की हात झटकून उठू नकोस. आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदल, वायफायच्या पासवर्डपेक्षा पूर्ण वेगळा. वायफायचा मित्र आले की सांगावाच लागतो. हा कुणालाही सांगायचा नाही. बाहेरून राउटर चालवायची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद ठेव. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय, तीही बंद कर. त्याचा आठ आकडी पिन शोधून काढता येतो, हे २०११ पासून जाहीर आहे. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार विचारला की डब्ल्यूपीए-३ निवड, नाहीतर डब्ल्यूपीए-२.

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच दिवशी अपडेट कर, पण राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावून. मध्येच लाइट गेली तर डबा कायमचा बसू शकतो. तुमच्याकडे दुपारी लाइट जाते म्हणालास, तर सकाळीच उरक.

खोलीच्या मधोमध, उंचावर ठेव. कपाटात किंवा टीव्हीच्या मागे नको. वायफाय ५ आणि २.४ अशा दोन लहरींवर चालतं. ५ गिगाहर्ट्‌झचा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे तो दमतो. स्वयंपाकघरात २.४चाच धर.

पासवर्ड मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, लेबलचा फोटोही नको. गणपतीला येशील तेव्हा सांग. हिरव्या डायरीत आपल्या राउटरच्या पानाशेजारचं पान तुझ्यासाठी कोरं ठेवलंय.

तुझी,
आई