पाळक कोण होऊ शकतो, यावर मंडळीने उघड बोलावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्ती पाळक, म्हणजे चर्चमधला धर्मगुरू, होऊ शकते का, हा प्रश्न सोलापूरच्या ख्रिस्ती घरांत हल्ली दबक्या आवाजात विचारला जातो. कोणी मोठ्याने विचारलाच, तर "ही पाश्चात्त्यांची खुळे आहेत" असे म्हणून विषय मिटवतात. मी इथल्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले, संडे स्कूलमध्ये अनेक वर्षे शिकवले. माझे मत स्पष्ट आहे: होऊ शकते, आणि मंडळीने होऊ द्यावे.

पाश्चात्त्यांचे म्हणून जे झटकतो, त्याच्याशी आपले नाते किती जवळचे आहे ते आधी पाहावे. सोलापुरात शाळा, दवाखाने आणि मंडळ्या उभ्या करणारे अमेरिकन मराठी मिशन हे बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे काम. या बोर्डाचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले. ज्या काँग्रिगेशनल परंपरेतून ते आले, तिनेच 1853 साली अँटोनेट ब्राउन या बाईला पाळकपदाची दीक्षा दिली. पुढे 1957 साली ती परंपरा युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये सामील झाली आणि त्या चर्चने 1972 साली विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला दीक्षा दिली. आम्ही 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहोत, तिकडचा निर्णय आमच्यावर बंधनकारक नाही. पण ज्यांच्याकडून बायबल हातात घेतले, त्यांनी तेच बायबल वाचून हे पाऊल उचलले, एवढे तरी मान्य करावे.

विरोध करणारी माणसे वाईट नाहीत. त्यांतले काही माझे गुरुजन आहेत आणि ते वचने दाखवतात. पुरुषाने पुरुषाशी संग करण्याला मनाई करणारा लेवीय पुस्तकाचा विसावा अध्याय नेहमी पुढे येतो. त्याच्या लगेच पुढचा अध्याय मात्र कोणी वाचून दाखवत नाही. तिथे आंधळा, लंगडा, कुबडा, ठेंगू अशा कोणत्याही याजकाने वेदीजवळ येऊन अर्पण करू नये, असे सांगितले आहे. आज एखादा पाळक कुबडी घेऊन प्रभुभोजन देऊ लागला, तर त्याला खाली उतरवायला कोणी धजेल काय? एका अध्यायातले वचन आपण ख्रिस्ताच्या उजेडात वाचतो, मग शेजारच्या अध्यायातले तसे का वाचत नाही? रोमकरांस पत्राचा पहिला अध्यायही दाखवतात. तिथे पौल देवाला सोडून वासनेच्या मागे गेलेल्यांबद्दल लिहितो. जन्मभर प्रार्थनेत राहून देवाचे काम मागणाऱ्या मुलाला ते वर्णन कसे लावायचे?

आणि प्रेषितांच्या कृत्यांतला तो कूशी षंढ! बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायाने त्याला देवाच्या मंडळीत येण्यास मनाई केली होती. तरी तो यरुशलेमेला उपासनेला गेला होता आणि परतताना रथात यशया वाचत होता. बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे, असे त्याने विचारले, तेव्हा त्याला वचन समजावून सांगणाऱ्या फिलिप्पाने कोणाची परवानगी आणायला त्याला यरुशलेमेला परत पाठवले नाही. बाप्तिस्मा आणि दीक्षा एक नव्हे, हे कबूल. पण यशयाचा छप्पन्नावा अध्याय षंढांना देवाच्या घरात पुत्र आणि कन्यांहून श्रेष्ठ नाव देण्याचे वचन देतो. ते फक्त मागच्या बाकावर बसण्यापुरते आहे, असे मला वाटत नाही.

आपल्या मातीलाही हे परके नाही. माझे बालपण पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात गेले. मंगळवारी-शुक्रवारी साडी नेसलेला, कपाळभर भंडारा लावलेला जोगता परडी घेऊन गल्लीत आला की शेजारच्या बाया पीठ-मीठ वाढायच्या, आजारी लेकरू त्याच्या पायावर घालायच्या. यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती असलेली टोपली, डोक्यावर घेणारा हा देवीचा माणूस, असे मानत. त्याच माणसाला गल्लीत खोली भाड्याने मिळत नसे. देवाला सोडण्याच्या प्रथेने मुलींची किती आयुष्ये नासली तेही या जिल्ह्याने पाहिले आहे आणि 2005 चा देवदासी प्रथाविरोधी कायदा योग्यच होता. मी प्रथेची भलामण करत नाही. आशीर्वादापुरता मान आणि शेजारापुरता नकार, हे तेव्हाही अन्यायाचे होते, एवढेच म्हणते.

देवाच्या पायाशी कोणी उभे राहायचे, हा वाद आपल्या पंढरपूरनेच किती सोसला! दलितांना विठ्ठलाचे दर्शन मिळावे म्हणून साने गुरुजींनी 1947 साली उपोषण केले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा वंशपरंपरागत हक्क संपवला आणि त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. तेव्हाही धर्म बुडेल म्हणणारे होतेच.

किंमत मोजावी लागते, हे मी नाकारत नाही. जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या पाळकांना 2003 साली अमेरिकेत बिशपपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा त्यांना झग्याखाली गोळीरोधक जाकीट घालावे लागले. दक्षिण आफ्रिकेतले समलिंगी इमाम मुहसिन हेन्ड्रिक्स यांचा फेब्रुवारी 2025 मध्ये गोळ्या घालून खून झाला. युनायटेड मेथडिस्ट चर्चने 1 मे 2024 रोजी 692 विरुद्ध 51 मतांनी समलिंगी पाळकांवरची बंदी उठवली, पण त्याआधीच अमेरिकेतल्या जवळजवळ पाव मंडळ्या त्या चर्चमधून बाहेर पडल्या होत्या. आपल्या छोट्या मंडळीत फूट पडेल, ही भीती मी समजू शकते. मात्र गप्प राहण्याचीही किंमत आहे. ती आज एकट्या-दुकट्या तरुणांकडून वसूल होते आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाला पाळकांचे शिक्षण देणाऱ्या सेमिनरीत जायचे होते. आपण समलिंगी आहोत, हे त्याने स्वतःहून सांगितले आणि मंडळीचे शिफारसपत्र अडले. लपवले असते, तर मिळाले असते. म्हणजे आपण पाळक होऊ पाहणाऱ्याला पहिला धडा खोटे बोलण्याचा देतो.

नागपूरच्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या चर्चच्या संघटनेने या विषयावर काम केलेले आहे. त्यांच्या माणसांना सोलापुरात बोलावावे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि तरुणांना, विशेषतः ज्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत त्यांना, तिथे निर्भयपणे बोलू द्यावे. शिफारस मागणाऱ्या प्रत्येकाला प्रार्थना, चारित्र्य, वचनाचा अभ्यास आणि माणसांची कळकळ याबद्दल सारखेच प्रश्न विचारावेत. अडलेल्या अर्जांचा याच कसोटीवर पुन्हा विचार व्हावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर