मोडी वाचून दाखवणाऱ्या सरांना, कोल्हापूरहून

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली माणसं मुलांनी स्वतः शोधून रंगमंचावर आणायची, हा उपक्रम नुसती फेटे-मिशांची वेशभूषा स्पर्धा झाला नाही, तो तुमच्यामुळे.

सगळ्या मुलांना महाराजच व्हायचं असतं. तुम्ही त्यांच्यापुढे गंगाराम कांबळे ठेवलेत. पागेतले नोकर, पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेले, पुढे महाराजांच्या पाठबळावर चहाचं दुकान काढणारे. त्या दुकानात महाराज चहा प्यायचे हे कोल्हापुरात पोरासोरांना ठाऊक आहे. पण प्रसंग तेवढाच बसवला की गंगाराम नुसते हात जोडून उभे राहतात. तुम्ही दुकानदाराचे प्रश्न दिलेत: दूध कुठून यायचं? पहिलं गिऱ्हाईक कोण? दारावरून कोण पुढे निघून जायचं? उत्तर सापडलं नाही तर पात्राने त्यावर बोलायचं नाही, हा नियमही तुमचाच.

तीन पेन्सिलींची युक्ती तर आता कायमची झाली. त्या काळच्या कागदातलं वाक्य लाल, नंतरच्या पुस्तकातलं निळं, कुणाच्या आठवणीतलं हिरवं. बिनरंगाचं वाक्य खोडायचं. २६ जुलै १९०२ चा, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा आदेश लाल. चहाचा प्रसंग बराचसा हिरवा, आणि ते मुलं प्रेक्षकांना सांगतात. महापुरुषांच्या तोंडी घातलेली बनावट वाक्यं इथेच गळतात.

त्या काळचे कागद मोडी लिपीत; तिच्यात शब्द सलग लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून पानाची प्रत ए-थ्री आकारात मोठी करून एकेकाला पाचच ओळी, आणि शब्द तुटतो तिथे पेन्सिलीची उभी रेघ. मूळ कागदाला हात नाही. इसवी सन काढायला शके सनात ७८ मिळवायचे, पण पौष ते फाल्गुनातली तारीख १ जानेवारीला किंवा त्यानंतर पडत असेल तर ७९. हे विसरलं की घटना वर्षभर मागे सरकते.

स्वगत तीन मिनिटांचं, म्हणजे सुमारे २५० शब्द. त्याहून लांबलं की मुलं पाठांतर घडाघडा म्हणून मोकळी होतात. नंतरची दोन मिनिटं प्रेक्षकांच्या प्रश्नांना, भूमिकेत राहूनच. खरा अभ्यास तिथे दिसतो.

पुढचा विषय माणगावची अस्पृश्यांची परिषद, २१ व २२ मार्च १९२०. व्यासपीठावरची माणसं मुलांना माहीत आहेत. मांडव घालणारी, भाकऱ्या थापणारी कशी शोधायची, ते तुम्हीच सांगायला या.

आपले कृतज्ञ,
इतिहासाचे शिक्षक, कोल्हापूर