नाल्याच्या उतारावर

मोर्शी तालुका,
मार्गशीर्ष

प्रिय गजानन,

सप्रेम नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगता आले असते. पण संध्याकाळी मी फोन घेऊन बसलो की बाबा शेजारच्या खाटेवर येऊन बसतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्यांच्याबद्दलच आहे. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचा गुडघा थंडीत दुखतो, तो दरवर्षीच दुखतो.

मी हिरोची जुनी इम्पल्स मोटरसायकल घेतल्याचे तुला दिवाळीत कळवले होते. तेव्हा तू "फोर-स्ट्रोक?" एवढेच विचारलेस आणि पुढे बराच वेळ बोलला नाहीस. पण आपली टू-स्ट्रोक आरएक्स हंड्रेड आता पांदणीत चालत नाही, हे तुला मान्य करावे लागेल. नाल्यापलीकडच्या वावरात गहू आणि हरभरा आहे, थ्री-फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, आणि पाट फुटून पाणी पांदणीत उतरले की काळ्या मातीचा चिखल आरएक्सच्या पुढच्या मडगार्डखाली असा गच्च बसतो की चाकच फिरेनासे होते. इम्पल्सचे मडगार्ड चाकापासून चांगले वर उचललेले आहे, त्यामुळे चिखल अडकत नाही, गळून पडतो.

थंडीत मात्र ही गाडी नव्याने शिकावी लागते आहे. पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर असतो, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक पूर्ण ओढायचा आणि ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. तेवढ्यानेही भागत नाही. हिच्या क्लच प्लेटा इंजिनाच्याच तेलात असतात. तेल थंडीने घट्ट झाले की त्या एकमेकींना चिकटून राहतात आणि क्लच दाबलेला असतानाही गिअर टाकताच गाडी पुढे उडी घेते. मोर्शीच्या मिस्त्रीने त्यावर उपाय दाखवला. सुरू करण्याआधी दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि गाडी मागेपुढे ढकलायची. आधी मागचे चाक अडते, मग फरफटत जड जड येते, आणि अचानक आतून 'चट्' असा आवाज होऊन ते मोकळे फिरू लागते. तो आवाज ऐकला की मी न्यूट्रल करून किक मारतो.

माझी काळजी या सगळ्याच्या पुढची, नाल्याच्या उताराची आहे. आरएक्सवर उतरताना आपण ॲक्सिलरेटर सोडत होतो, गाडी जवळजवळ मोकळी घरंगळत होती आणि धरण्याचे काम ब्रेकचे होते. फोर-स्ट्रोकचे तसे नाही. ॲक्सिलरेटर सोडला की पिस्टनला बंद झालेल्या वाटेतून हवा ओढावी लागते आणि त्या ओढीने इंजिनच मागचे चाक धरते. कोरड्या उतारावर हा मोठा आधार असतो. दव पडलेल्या गवतावर आणि ओल्या काळ्या मातीवर तेच चाक घसरायला लागते. इतकी वर्षे टू-स्ट्रोकवर मुरलेला हात गारठलेल्या बोटांनी हे नवे गणित अंधारात कसे सांभाळणार, याचा मला घोर आहे.

चिखलदऱ्याचा घाट तुला आठवत असेलच. परतवाड्यापर्यंत पेट्रोल वाचवायचे म्हणून तू सगळा उतार ॲक्सिलरेटर बंद ठेवून आणलास आणि खाली येता येता पिस्टन जाम झाला. ऑइल हलके होते, असे तू आजही म्हणतोस. आरएक्सचा ऑइल पंप ॲक्सिलरेटरबरोबर उघडतो, तो बंद ठेवला की पिस्टनला तेल पुरत नाही, हे माझे म्हणणे मी आजही सोडलेले नाही. त्या दिवशी गाडी ढकलत असतानाही तू टू-स्ट्रोकचे गुण गात होतास, हे मी वहिनींना अजून सांगितलेले नाही. तू आलास की सांगणार आहे.

आता जे घडले ते. मागच्या रात्रपाळीत बाबा नेहमीप्रमाणे माझ्यामागे घोंगडी पांघरून, मांडीवर फावडे आडवे घेऊन बसले होते. निम्म्या उतारावर पाटाचे पाणी झिरपलेले होते. तिथे मागचे चाक डावीकडे सरकले आणि गाडी आडवी व्हायला लागली. मी क्लच दाबला नाही, मागच्या ब्रेकवरचा पाय उचलला, किंचित ॲक्सिलरेटर दिला आणि गाडी सरळ झाली. माझ्या खांद्यावर बाबांची बोटे रुतली होती. पलीकडे पोचल्यावर ते काही बोलले नाहीत, त्यांनी मुकाट्याने दारे धरायला घेतले.

दुसऱ्या रात्री उताराच्या तोंडाशी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली, गाडी थांबवायला लावली आणि ते खाली उतरले. "तू जाय म्होरं. मी येतो पाई पाई." एवढेच म्हणाले आणि बॅटरी लावून चालू लागले.

गजानन, आरएक्सवरून बाबा कधीच उतरले नव्हते. त्या पावसाळ्यात तू, मी आणि मध्ये ते, असे तिघे गुडघाभर पाण्यातून गेलो, तेव्हाही नाही. आता रोज रात्री ते तो उतार चालतात. थंड हवा जड असते, ती नाल्याच्या तळाशी साचते, त्यामुळे वावरापेक्षा तिथे जास्त गारठा असतो. त्यांचे कॅनव्हासचे बूट दवाने ओले होतात आणि ते तसेच पहाटेपर्यंत पाण्यात उभे राहतात. त्यांनी ऐंशी गाठली आहे. घरी राहा म्हणण्यात अर्थ नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, त्या रात्रीही ते इकडे वावरात शेकोटी करून बसले होते. मी एकटा निघालो तर ते मागून काठी टेकत येतील. मागे बसवले तर मला पायदाणांवर उभे राहून वजन मागे टाकता येत नाही, आणि त्या उतारावर तेच करावे लागते.

मला खरोखर छळणारी गोष्ट वेगळीच आहे. ते स्वतःसाठी घाबरून उतरतात, की माझी गाडी हलकी व्हावी म्हणून उतरतात, हे मला कळत नाही. विचारले तर म्हणतात, पाय मोकळे होतात. पहिले असेल तर मी गाडीवर त्यांचा विश्वास बसेपर्यंत शिकेन. दुसरे असेल, तर माझ्यासाठी त्यांना या वयात अंधारात चालावे लागते आहे आणि ते मला सहन होत नाही.

म्हणून मी उजाडता उजाडता, दव असतानाच, एकटा उतारावर जातो. हातमोज्यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवतो, त्याने वारा लागत नाही आणि बोटे शुद्धीवर राहतात. पहिला गिअर, क्लचला हात नाही, पुढच्या ब्रेकवर एकच बोट, मागच्या ब्रेकवर फक्त चवडा. आता मागे युरियाची ४५ किलोची बॅग बांधून उतरतो. बाबांचे वजन तिच्याहून फार जास्त उरलेले नाही. बॅग घेऊन गाडी सरळ उतरते. बाबांना ते दाखवावे असे वाटते, पण बॅगेच्या जागी बसा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

तुला ते सांगतील. घराच्या वाटणीच्या वेळी जे मला कधी बोलले नाहीत ते तुझ्याजवळ बोलले होते. संक्रांतीला ये. त्यांच्याजवळ बस आणि काढून घे.

तुझी बदली झाली का? पोरीच्या बारावीचे कसे चालले आहे? तिला म्हणावे, जागरण करू नकोस. वहिनींना नमस्कार सांग.

येताना इम्पल्सच्या कार्बोरेटरचा पायलट जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी ती बारीक छिद्राची पितळी नळी, घेऊन ये. ही गाडी कंपनीने बनवणे बंद करून बरीच वर्षे झाली, इकडे भाग मिळत नाहीत आणि जुना जेट चोंदल्यामुळे चोक परत आत ढकलला की इंजिन बंद पडते. जेटवर आकडा कोरलेला असतो, तो वाचून तुला कळवतो. बाबांनी विचारले तर जेट द्यायला आलो असे सांग. या पत्राचे सांगू नकोस.

तुझा,
दिगंबर